अकीक : शब्द एक, माल अनेक

वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही आठवडी बाजारात किंवा उरुसाच्या जत्रेत अंगठ्या-नगीन्यांचे एखादे दुकान हमखास दिसते. लाल, काळे, दुधी, हिरवे खडे मांडलेले असतात आणि त्यांची नावे विकणाऱ्याच्या तोंडी असतात : यमनी अकीक, इराणी अकीक, सुलेमानी, हकीक. ग्राहक नाव ऐकून भाव विचारतो, विकणाराही नावावरच भाव सांगतो. खडा तोच राहून नाव बदलले तरी भाव बदलतो. हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की, या नावाचा खरा अर्थ काय आणि त्या नावाने नेमके काय विकले जाते, हे विचारण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

आमचा धंदा कापडाचा, खड्यांचा नव्हे. परंतु नावावर माल कसा विकला जातो आणि नावामुळेच बाजार कसा बुडतो, हे कापडवाल्याला चांगले ठाऊक असते. शिवाय आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाल्यामुळे अकीक हा शब्द ऐन, काफ, ये, काफ या अक्षरांनी लिहिलेला लहानपणापासून आमच्या डोळ्यांसमोर आहे. हाच शब्द समुद्रापलीकडे मलाया व इंडोनेशियातही घरोघरी बोलला जातो. तेथे त्याला ‘बातू आकिक’ म्हणतात. ‘बातू’ म्हणजे दगड आणि ‘आकिक’ म्हणजे आपला अकीकच. या शब्दाचा प्रवास समजून घेतला तर आपल्या छोट्या दुकानदाराला आणि कारागिराला त्यातून बरेच शिकता येईल, म्हणून हा लेख.

शब्दाचे मूळ

अकीक हा शब्द अरबी आहे. अरबी शब्दकोशांत तो ‘अक्क’ या धातूखाली येतो. त्या धातूचा अर्थ चिरणे, फाडणे, तोडून वेगळे करणे असा आहे. पुराच्या पाण्याने जमीन चिरून जो खोल ओहोळ तयार होतो, त्यालाही अरब लोक अकीक म्हणत. त्यामुळे अरबस्तानात अकीक नावाच्या एकाहून अधिक दऱ्या आहेत. मदिना शरीफजवळची वादी-ए-अकीक हजला जाऊन आलेल्या अनेकांना माहीत असेल. तेव्हा ‘अकीक’ ऐकले की प्रत्येक वेळी खडाच समजावा असे नाही. अरबी भाषेत ती दरीही आहे आणि खडाही आहे.

याच धातूपासून निघालेले आणखी दोन शब्द आपल्या घरात रोज वापरले जातात. मूल जन्मल्यावर सातव्या दिवशी आपण अकीका करतो. अकीका म्हणजे मुळात बाळाच्या डोक्यावरचे जन्मापासूनचे केस, जे उतरविले जातात. पुढे त्या निमित्ताने होणाऱ्या जबीहालाही तेच नाव पडले. दुसरा शब्द ‘आक’. आईबापांशी नाते तोडणारा मुलगा तो आक, आणि उर्दूत मुलाला वारशातून बेदखल करण्याला ‘आक करणे’ म्हणतात. केस उतरविणे, नाते तोडणे, जमीन चिरणे : तिन्ही ठिकाणी मूळ कल्पना एकच, कापून वेगळे करण्याची.

आता ‘हकीक’ या शब्दाकडे वळू. आपल्या बाजारात, विशेषतः ज्योतिष्यांच्या आणि माळा विकणाऱ्यांच्या दुकानांत, अकीकऐवजी हकीक म्हणण्याची पद्धत आहे. काही विक्रेते त्यावर आणखी एक इमारत रचतात आणि सांगतात की, हा ‘हकीकत’मधला हकीक, म्हणजे खरा दगड. ही गोष्ट ऐकायला गोड आहे, पण तिला भाषेचा आधार नाही. हकीकत शब्द मोठ्या ‘हे’ने सुरू होतो, तो हक या धातूचा. अकीक ‘ऐन’ने सुरू होतो. ऐन हे अक्षर घशातून उच्चारावे लागते. आपल्या जिभेला ते जमत नाही, म्हणून कोणी ते सोडून देतो, तर कोणी त्याच्या जागी ‘ह’ घालतो. नगीने घासणाऱ्या कारागिराला उर्दूत ‘हक्काक’ म्हणतात. तो तर तिसऱ्याच धातूचा शब्द आहे, घासण्याच्या अर्थाचा. उच्चारात तिन्ही जवळ आले म्हणून अर्थात जवळ येत नाहीत. एका अक्षराच्या फरकाने ‘चिरलेला’ हा शब्द ‘खरा’ झाला आणि त्यावर भाव चढला. नावाच्या बाजारातील पहिला धडा येथेच मिळतो.

मलायापर्यंतचा रस्ता

मलाया व इंडोनेशियातील लोकांनी ऐन अक्षराचा उच्चार सोडून दिला आणि शब्द आकिक झाला. पण तो तेथे एकटाच पोचला नाही. रत्नांची तेथील नावे पाहिली तर हिंदी महासागरातील हजार-दीड हजार वर्षांच्या व्यापाराची वहीच उघडल्यासारखे वाटते. नीलमला तेथेही ‘नीलम’ म्हणतात. ‘मानिकम’ म्हणजे माणिक, तो तमिळ भाषेतून गेला. ‘दलीमा’ म्हणजे डाळिंब, आणि डाळिंबी रंगाच्या लाल खड्याला ‘बातू दलीमा’ म्हणतात. मूळ संस्कृत शब्द आपल्या डाळिंबाचाच आहे. ही झाली हिंदुस्थानातून गेलेली जुनी नावे. त्यानंतर अरबी-फारसी नावांचा थर बसला : याकूत, जुमुरूदचा ‘जमरूद’, फिरोजाचा ‘पिरूस’, मर्जान आणि अकीक. जहाजे कोणाची, मधला बाजार कोणाचा आणि कोणत्या काळात कोणत्या भाषेची चलती, हे सर्व या नावांत उमटलेले आहे.

या नावांत एक फार बोलके उदाहरण आहे. संस्कृतमधील वैडूर्य हा शब्द मलायात ‘बिदूरी’ झाला. आपल्याकडे वैडूर्य म्हणजे लसण्या, मांजराच्या डोळ्यासारखी रेघ चमकणारा खडा. मलायात बिदूरी म्हणजे दुधी झाक मारणारा, चांदण्यासारखा खडा. हाच शब्द प्राकृतातून ग्रीकांकडे गेला आणि त्याचा ‘बेरिल’ झाला, आणि आज बेरिल म्हणजे पन्ना ज्या कुळातला ते कूळ. शब्द एक, दगड तीन. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाताना नाव टिकले, पण नावाखालचा माल बदलला.

हा व्यापार चालत होता तो मुख्यतः गुजरातेतील खंबायत बंदरातून. पोर्तुगीजांनी 1511 मध्ये मलाक्का घेतले. त्यानंतर लगेच तेथे राहिलेल्या तोमे पिरेश याने लिहून ठेवले आहे की, खंबायतचा व्यापार एका बाजूला एडनपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला मलाक्कापर्यंत पसरलेला होता आणि खंबायत व मलाक्का ही दोन्ही बंदरे एकमेकांवर अवलंबून होती. जहाजांत मुख्य माल कापडाचा. मसाल्याच्या बदल्यात गुजराती आणि कोरोमंडळ किनाऱ्याचे कापड जाई आणि त्याच व्यापारात अकीकाचे मणीही असत. 1516 च्या सुमारास दुआर्त बार्बोसा यानेही गुजरातेतील अकीकाच्या खाणी आणि तांबड्या समुद्राकडे जाणारा त्या खड्यांचा व्यापार नोंदविला आहे. जावा बेटावर ग्रेसिक येथे मलिक इब्राहीम यांची 1419 सालची कबर आहे. तिच्यावरील कोरीव संगमरवर खंबायतहून आला असे अभ्यासक मानतात. तेव्हा अकीक हा अरबी शब्द मलायात जो पोचला, तो ज्या समुद्रमार्गाने पोचला त्यावर आपल्या देशातील व्यापारी आणि कारागीर शेकडो वर्षे वावरत होते.

माल रानाचा, नाव बाजाराचे

खंबायती अकीक हे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. पण खंबायतच्या जमिनीत अकीक निघत नाही. तो निघतो भरूच जिल्ह्यातील झगडिया तालुक्यात, रतनपूरच्या परिसरात. तेथील टेकडीवर बाबा गौर यांची दर्गाह आहे. हबशातून आलेल्या या बुजुर्गांनीच अकीकाचा धंदा उभा केला, अशी तेथील सिद्दी समाजाची व कारागिरांची परंपरा सांगते. दगड तेथून खंबायतला येतो. आधी तो उन्हात वाळवितात, मग मडक्यांत भरून मंद आगीत भाजतात. दगडातील लोहाचा पिवळसर-तपकिरी अंश उष्णतेने लाल होतो. त्यानंतर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड धरून वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने ठोकत त्याचे कपचे उडवितात, मग साणेवर घासून जिलई देतात. खंबायतजवळच्या लोथल येथे चार हजार वर्षांपूर्वीची मणी बनविण्याची जागा सापडलेली आहे, इतका हा हुन्नर जुना. काम खंबायतचे म्हणून नाव खंबायतचे. आज ‘खंबायतचे अकीक’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. यात काही गैर नाही, कारण हे नाव कारागिरीचे आहे आणि कारागिरी खरोखरच तेथली आहे.

इंडोनेशियातही असेच घडले आहे. तेथे सर्वांत गाजलेला खडा म्हणजे ‘बातू बाचान’, हिरव्या-निळ्या रंगाचा. बाचान हे मालुकू द्वीपसमूहातील एक बेट. पण खडा निघतो शेजारच्या कासिरुता बेटावर. बाचानला त्याचा बाजार भरे म्हणून नाव बाचानचे पडले.

कापडातही हाच नियम आहे. मलाया-इंडोनेशियातील पुरुष मशिदीत जाताना जी चौकडीची लुंगी नेसतात, तिला ते ‘पेलीकत’ म्हणतात. हे नाव मद्रासच्या उत्तरेस असलेल्या पुलिकत बंदराचे आहे. कापड आसपासच्या गावांत विणले जाई, बंदरातून जहाजात चढे आणि बंदराचे नाव त्याला चिकटे. आज पेलीकत कोठेही विणले जाते, नाव तेच आहे. कालिकतवरून पडलेले ‘कॅलिको’ हे नाव तर जगभर पसरले.

आणि आपल्या जिल्ह्याची गोष्ट विसरून कसे चालेल? 19 व्या शतकात ‘हिंगणघाट’ हे गावाचेच नव्हे तर कापसाच्या प्रतीचे नाव होते. लांब, मऊ धाग्याचा बनी कापूस या नावाने विलायतेपर्यंत ओळखला जाई आणि उत्तम देशी कापसांत त्याची गणना होई. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात मँचेस्टरचा कापूस अडला आणि मागणी एकदम वाढली. पुढे आखूड, जाड धाग्याच्या कापसाला रुईचा उतारा जास्त पडतो म्हणून शेतकरी तिकडे वळले, गाठींत मिसळ होऊ लागली आणि 20 व्या शतकाच्या आरंभापर्यंत खऱ्या बनीची जागा मिसळीच्या मालाने घेतली. बाजारात नाव हिंगणघाटचे राहिले, पण गाठीत तो कापूस उरला नव्हता. खरेदीदार काही काळ नावावर भाव देतो. मग तो गाठ फोडून पाहू लागतो, आणि एकदा पाहू लागला की चांगल्या गाठीलाही वाईट गाठीचा भाव मिळतो. नुकसान लबाडी करणाऱ्या एकट्याचे होत नाही, सगळ्या पेठेचे होते.

दोन वर्षांची तेजी

नाव फार रुंद झाले की काय होते, हे इंडोनेशियाने अलीकडेच अनुभवले. तेथे आकिक शब्दाचा अर्थ पसरत गेला. शास्त्रीयदृष्ट्या अकीक म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या गारगोटीची एक जात. पण तेथील बोलीत अंगठीत बसणारा जवळजवळ कोणताही साधा खडा बातू आकिक म्हणून विकला जातो. 2014 व 2015 साली त्या देशात या खड्यांचे अक्षरशः वेड पसरले. जकार्तातील रावा बेनिंगच्या रत्नबाजारापासून खेड्यांच्या रस्त्यांपर्यंत दगड घासण्याच्या साणा फिरू लागल्या. नदीतील गोटे, डोंगरातील कपचे, जे मिळेल ते कापून, घासून, नवे नाव देऊन लोक विकू लागले. दुसरे काम सोडून अनेकांनी यंत्रे घेतली, घरातील पैसा दगडात घातला. मग नावे इतकी झाली आणि माल इतका झाला की, कोणता खडा दुर्मीळ आणि कोणता नदीचा गोटा हे ग्राहकाला कळेना. 2016 पर्यंत तेजी ओसरली. चांगल्या जातीच्या, पारख करून घेतलेल्या खड्यांना पुढेही गिऱ्हाईक राहिले. नुसत्या नावावर उभे राहिलेले दुकान मात्र बंद पडले, आणि त्यात सर्वांत जास्त मार शेवटी शिरलेल्या गरीब विक्रेत्याला बसला. आपल्याकडे कोणत्याही मालाची तेजी येते तेव्हा शेवटी शिरणारा आपलाच लहान दुकानदार असतो, हे आम्ही कापडबाजारात कितीदा तरी पाहिले आहे.

आपल्या मातीतील अकीक

वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या अग्निजन्य खडकाचा, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा थरावर थर वाहिला. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्यातून गारेचा अंश थरांनी साचत गेला. हाच अकीक. त्यावरील गोल-गोल पट्टे म्हणजे हे थर होत. रतनपूरचा अकीकही मुळात याच खडकात जन्मला. लाव्ह्याचा खडक झिजला की हे गोटे नदीनाल्यांच्या पात्रात येतात. पुरात जमीन चिरली जाते आणि गोटे उघडे पडतात. अरबी अकीक शब्दातील दरी आणि खडा आपल्या नाल्यांतही असे एकत्र भेटतात.

हा हुन्नर आपल्या मुलखाला नवा नाही. धाम नदीकाठच्या पवनार येथे नागपूर विद्यापीठाने 1967 मध्ये उत्खनन केले. त्यात प्राचीन वस्तीच्या थरांत मौल्यवान दगडांचे मणी मिळाले. नागपूरजवळचे माहूरझरी तर मणी घडविण्याचे मोठे केंद्रच होते. तेथे अकीकाचे तयार मणी, अर्धे घडविलेले मणी आणि उडविलेले कपचे असे सर्व सापडते.

समुद्रपूर तालुक्यातील गिरडची टेकडी सर्वांना परिचित आहे. ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्गाहमुळे तेथे हिंदू आणि मुसलमान दोघेही जातात. टेकडीवर मिळणाऱ्या गोल खड्यांविषयीची कथा इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनीही नोंदविली आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बुजुर्गांची थट्टा केली, तेव्हा त्यांच्या सर्व मालाचा दगड झाला. त्यांनी माफी मागितली तेव्हा सुक्या पानांपासून त्यांना पुन्हा माल मिळाला आणि ते तेथेच सेवेत राहिले, अशी ती कथा. श्रद्धेच्या ठिकाणी श्रद्धा. पण दगडाची जात विचाराल तर गॅझेटियर त्यांना झिओलाइटचे गोटे म्हणते. झिओलाइट हाही लाव्ह्याच्या पोकळीत तयार होतो, पण तो अकीक नव्हे. तो अकीकापेक्षा नरम असतो. गिरडचा गोटा श्रद्धेने घरी ठेवणे वेगळे आणि कोणी तो गिरडचा अकीक म्हणून विकू लागला तर ते वेगळे.

पारख कशी करावी

कारागिराला यातील बरेच ठाऊक असते. तरीही दुकानदार आणि ग्राहक यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

अकीकाची कठिणता 6.5 ते 7 इतकी आहे. साध्या काचेची सुमारे 5.5. म्हणून खरा अकीक काचेवर ओरखडा काढतो आणि साध्या चाकूचा ओरखडा त्याच्यावर उठत नाही. हा प्रयोग तयार नगीन्यावर दर्शनी बाजूने करू नये, मागच्या कडेवर करावा. काचेच्या नकली खड्यात भिंगाखाली बारीक बुडबुडे दिसतात आणि तो हातात लवकर गरम होतो. प्लॅस्टिकचा खडा वजनाला फारच हलका लागतो आणि तापलेली सुई लावली की वास येतो.

अवघड भाग रंगाचा आहे. अकीकात अतिसूक्ष्म छिद्रे असल्याने तो रंग पितो. जर्मनीतील इडार-ओबरश्टाइन या गावच्या कारागिरांनी 19 व्या शतकात ब्राझीलचा दगड आणून रंगविण्याची कला फार पुढे नेली. साखरेच्या किंवा मधाच्या पाण्यात दगड भिजवून नंतर गंधकाच्या तेजाबात ठेवला की साखर जळून थर काळे होतात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पुष्कळसा माल असाच तयार होतो. भडक निळे आणि गुलाबी पट्टे तर बहुधा रंगविलेलेच समजावेत. रंगविलेल्या खड्यात भिंगाखाली रंग भेगांत जास्त गोळा झालेला दिसतो. नखांचा रंग काढण्याचे द्रव कापसाला लावून मागची बाजू पुसली तर कच्चा रंग कापसावर येतो.

भाजणे आणि रंगविणे यांत फरक आहे. भाजल्याने दगडातीलच लोह लाल होते, बाहेरून काही घातले जात नाही आणि रंग टिकतो. हा हजारो वर्षांचा रिवाज आहे. रंगविण्यात बाहेरचा रंग आत जातो. रंगविलेला माल विकणे हा गुन्हा नाही, रंगविलेला आहे हे दडविणे हा गुन्हा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाची जात किंवा प्रत याबद्दल खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. आणि धान्याच्या ढिगातील ओल खाली दडविणाऱ्या विक्रेत्याविषयीची हदीस तर आपल्या व्यापारी बंधूंना सांगण्याची गरजच नाही.

बरकतीच्या नावाने

‘यमनी’ या शब्दाचा खप दीनच्या भावनेवर होतो, म्हणून याविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. प्रेषित मुहम्मद (स.) यांची अंगठी चांदीची होती आणि तिचा नगीना हबशी होता, अशी रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. तो अकीक किंवा त्यासारखाच पट्टेदार खडा असावा असा अर्थ काही उलेमांनी केला, कारण असे खडे हबशा व यमनमधून येत. दुसऱ्या रिवायतीत नगीनाही चांदीचाच असल्याचा उल्लेख आहे. परंतु अकीक घातल्याने गरिबी जाते, बरकत येते अशा अर्थाच्या ज्या रिवायती दुकानांत ऐकविल्या जातात, त्या सहीह नाहीत असे अनेक मुहद्दिसांनी सांगितले आहे. हौसेने नगीना घालावा, पण अशा रिवायतीवर भाव चढवू नये.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ मदिना शरीफहून यमनी अकीकाची अंगठी घेऊन आले. कोंदण सैल झाले म्हणून त्यांनी ती गावातील एका वृद्ध कारागिराला दाखविली. त्याने नगीना काढून मागची घडण पाहिली आणि हसून सांगितले की, ही घासणी खंबायतची आहे. आपल्याच देशातील दगड समुद्रापार जाऊन, नाव बदलून, भाव वाढवून परत आला होता. दगड अस्सल होता, घडण चांगली होती. पण वाढीव पैसा नावाला गेला, ज्याने तो घासला त्या हातापर्यंत पोचला नाही.

या हातांविषयीही दोन शब्द. अकीक घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस नावाचा असाध्य रोग होतो. खंबायतच्या साणेवर बसणारे कित्येक कारागीर या रोगाने गेले आणि अनेकांवर क्षयरोग समजून उपचार होत राहिले. जे बंधू आपल्या जिल्ह्यात नगीने घासण्याचे काम करतात किंवा करू इच्छितात, त्यांनी साणेवर पाण्याची धार ठेवावी, धूळ ओढणारा पंखा लावावा आणि बंद खोलीत कोरडे घासणे पूर्णपणे टाळावे. साधे फडके तोंडाला बांधून ही धूळ थांबत नाही.

आमची सूचना एवढीच आहे. नगीन्याच्या पावतीवर तीन गोष्टी लिहाव्यात : दगडाची जात, तो कोठून आला, आणि त्याच्यावर काय केले आहे, म्हणजे भाजला, रंगविला की तसाच ठेवला. उगम खात्रीने माहीत नसेल तर ‘यमनी’ किंवा ‘इराणी’ लिहू नये, नुसते ‘अकीक’ लिहावे. आरंभी एखादे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. पण खडा काही वर्षांनी रंग सोडू लागला की तेच गिऱ्हाईक परत येते आणि सोबत आणखी चार जणांना आणते. हिंगणघाटच्या नावाचे मोल मिसळीच्या गाठींनी घालविले. अकीकाचे नाव जपणे अजून आपल्या हाती आहे, आणि त्याची सुरुवात कोऱ्या पावतीपासून करता येते.